न भेटलेल्या लेखिकेचं सुतक

*मावशी, मी माढा तालुक्यात राहते, बँकेत कॅशियर आहे, वय ३४. गेली सहा वर्षं मी एका बाईंच्या कथा वाचत होते. त्या टोपणनावाने लिहायच्या. पुस्तक कधीच निघालं नाही. एका शुक्रवाराआड रात्री फोनवर एक भाग यायचा. कालव्याकाठच्या भयकथा, आणि सगळ्यांत एक म्हातारा पाटकरी, कालव्याचं पाणी सोडणारा. आम्ही वाचक असू चाळीसेक. माझे बाबा उजनीच्या कालव्यावर पाटकरी होते. एकदा मी बाईंना कळवलं, की रात्री चारीला पाणी सुटतं तेव्हा आधी आवाज येत नाही, वास येतो. पुढच्या भागात तो वास आला होता.*

*मागच्या आठवड्यात त्यांच्या भाचीचा निरोप आला. बाई जाऊन दीड महिना झाला होता. खरं नाव आणि वय तेव्हाच कळलं. ७१ वर्षांच्या होत्या, मी समजत होते चाळिशीच्या असतील. मी काउंटरवरच रडले. नवरा स्वभावाने चांगला आहे, पण म्हणाला, "तू त्यांना कधी भेटली तरी होतीस का?" सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला काही त्यांचं सुतक नाही." मला स्वतःचीच लाज वाटते. गटातले काहीजण म्हणतात, अपुरी राहिलेली कथा आपणच पूर्ण करू. भाचीला पत्र लिहावं का, तेही कळत नाही. आणि शेवटचा भाग मी अजून उघडलेला नाही. त्या जायच्या अकरा दिवस आधी आला होता, महिनाअखेरीच्या गडबडीत राहून गेला.*

तू मला मावशी म्हणालीस, म्हणून मीही अगंतुगंच करते. तुझं पत्र वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा त्या वासाच्या ओळीशी परत गेले. दिवसभर तापलेल्या कोरड्या चारीत पाणी पुढे सरकायला लागतं, माती भिजते, आणि वारा असेल तर तो वास पाण्याच्या आधी माणसापर्यंत पोचतो. तुझ्या बाबांनी हे कितीतरी रात्री हातात बॅटरी घेऊन अनुभवलं असेल. कधीतरी जेवता जेवता त्यांनी ते तुला सांगितलं, तू बाईंना कळवलंस, आणि त्यांनी तो वास आपल्या पाटकऱ्याला दिला. त्या कथेत तुझ्या बाबांचं आयुष्य आहे आणि ते तिथे तू नेऊन ठेवलंस. नवरा विचारतो ना, कधी भेटली होतीस का? त्याला ती ओळ वाचून दाखव. त्रागा न करता, नुसती वाचून दाखव.

सासूबाई खोटं बोलल्या नाहीत. सुतक हा भावकीचा हिशोब आहे. दहा दिवस देवाला कोणी शिवायचं नाही, कोणी शिवलं तर चालतं, हे त्यातून ठरतं. किती दुःख व्हावं, हे त्यातून कधीच ठरलेलं नाही. शाळेतली जिवलग मैत्रीण गेली तर तिचंही सुतक नसतं, आणि तिच्यासाठी डोळे सुजेपर्यंत रडणाऱ्या बाईला कोणी नावं ठेवत नाही. मग तुला लाज का वाटते? मैत्रिणीचं नातं लोकांना दिसतं, तुझं दिसत नाही, म्हणून. अमेरिकेतले शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये या प्रकारच्या दुःखाची नीट मांडणी केली. ज्या दुःखाला भोवतालची माणसं दुःख म्हणून मान्यच करत नाहीत, ते वाहणाऱ्या माणसावर दुहेरी भार पडतो. दुःख तर असतंच, वर ते लपवायचंही असतं. तू काउंटरवर रडलीस आणि पुढच्या क्षणी नोटा मोजायला लागली असशील. घरी येऊन स्वयंपाक केला असशील. तुला समाचाराला कोणी आलं नाही, चहाचा कप कोणी हातात दिला नाही. हे सगळं तुझ्या वाट्याला आलं नाही, त्याचाही तुला त्रास होतोय.

आता तुझ्या पत्रात नसलेली, पण ओळींमधून जाणवणारी एक शंका. सिनेमातला नट गेला की लोक ढसाढसा रडतात, आपलंही तसंच तर नाही ना, असं तुला वाटत असावं. तसं नाही. १९५६ साली हॉर्टन आणि वोल या दोघांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांविषयी प्रेक्षकांना वाटणाऱ्या जवळिकीचा अभ्यास केला होता. ती जवळीक एका बाजूची असते. नट आपल्याला ठाऊक असतो, पण त्याला आपण कोण ते माहीत नसतं. लाखो वाचक असलेल्या लेखकाचंही बहुधा असंच होतं. चाळीस वाचक असलेल्या लेखिकेचं असं होऊ शकत नाही. चाळीस माणसं म्हणजे गावातलं एक लग्नाचं वऱ्हाडसुद्धा नाही. त्यांतलं कोण लगेच वाचतं, कोण रविवारी वाचतं, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून गप्प आहे, हे त्या बाईंना ठाऊक असणार. तू कळवलेला वास त्यांनी घेतला, यापेक्षा जास्त पुरावा मला नको. त्या लिहायला बसायच्या तेव्हा ज्या चार-दोन माणसांचे चेहरे (मनातले का होईना) त्यांच्यासमोर येत, त्यांत माढ्याची एक पाटकऱ्याची मुलगी होती.

मी तुला माझं एक सांगते. १९८७ चा डिसेंबर. मी कोल्हापुरात शिकत होते, वसतिगृहात राहत होते. सकाळी मेसमध्ये वर्तमानपत्र आडवं पडलेलं होतं आणि त्यावर कोणाच्या तरी चहाच्या कपाचा ओला गोल उमटला होता. त्या गोलाच्या आत बातमी होती, जी. ए. कुलकर्णी पुण्यात गेल्याची. ११ डिसेंबरला गेले. मी उठून खोलीवर गेले आणि पेटीतून एक पत्र काढलं. ते मी त्यांना आदल्या वर्षी लिहिलं होतं. चार पानं, तीनदा पुन्हा लिहून काढलेली. टाकलं नव्हतं. धारवाडला इंग्रजी शिकवणारा, माणसांपासून लांब राहणारा एवढा मोठा लेखक, त्याला माझं पत्र कशाला, असं वाटलं होतं. घरी फोन केला तेव्हा आईनेही तुझ्या नवऱ्यासारखंच विचारलं होतं, "अगं, ते तुझे कोण लागत होते?" पुढे त्यांच्या पत्रांचे खंड आले. सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक आलं. किती वर्षं चाललेला तो पत्रव्यवहार, आणि प्रत्यक्ष भेटी मोजक्या. ती पत्रं वाचताना कळत गेलं, की समोर कोणी नसताना हा माणूस कागदावर किती मोकळा होत असे. माझं पत्र अजून पेटीतच आहे. उत्तर आलं नसतंही. पण मी ते टाकलं नाही, ही रुखरुख मला साठी ओलांडली तरी आहे.

तू तुझं पत्र टाकलंस, पोरी. जिवंतपणी टाकलंस, आणि त्याचं उत्तर कथेतून आलं. हे तुझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

आता टोपणनावाचं. खरं नाव, वय नंतर कळलं, म्हणून तुला फसल्यासारखं वाटतंय का? तू तसं लिहिलं नाहीस, पण "मी समजत होते चाळिशीच्या" या शब्दांत ते थोडं आहे. आपल्याकडे ही फार जुनी रीत आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा विभावरी शिरूरकर कोण, यावरून केवढं काहूर उठलं होतं. त्या नावामागे होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. बाईने मोकळं लिहायचं तर तिला दुसरं नाव घ्यावं लागत होतं. तुझ्या बाईंनी का घेतलं, ते मला माहीत नाही, पण एकाहत्तर वर्षांच्या बाईने भुताखेतांच्या गोष्टी लिहिल्या तर नातेवाईक काय म्हणतील, याचा अंदाज तुला आणि मला दोघींना आहे. घरचं नाव त्यांना जन्माने आणि लग्नाने मिळालं, लिहिण्याचं नाव मात्र त्यांनी स्वतः निवडलं. त्या नावाने तू त्यांना ओळखलंस, म्हणजे त्यांना जसं ओळखलं जायला हवं होतं तसंच ओळखलंस.

भाचीला पत्र लिहायचं का, या प्रश्नाशी मी सगळ्यात जास्त थांबणार आहे. लिहायचं. या आठवड्यात लिहायचं, आणि फोनवर न टंकता कागदावर लिहून टपालाने पाठवायचं. पत्ता तिलाच विचार, ती देईल.

असं का, ते सांगते. त्या घरात आत्या किंवा मावशी गेली आहे. तिची औषधं, तिच्या साड्या, तिचं पेन्शनचं खातं, हे सगळं आवरायचं काम त्या भाचीवर पडलं असेल. आत्या फोनवर काहीतरी लिहीत बसायची, एवढंच बहुतेकांना ठाऊक असेल. भाचीने तुम्हाला निरोप धाडला, म्हणजे तिला तरी थोडी कल्पना आहे. पण सहा वर्षं एका शुक्रवाराआड चाळीस घरांमध्ये कोणीतरी दिवा बारीक करून त्यांची गोष्ट वाचत होतं, हे तिला कसं कळणार? तिच्याजवळ तिची आत्या आहे आणि तुझ्याजवळ लेखिका. तुझ्याजवळचं तिला देऊन टाक. समाचाराला जाताना आपण हात हलवत जात नाही. तुला तिथे नेण्यासारखं हे आहे.

त्यात काय लिहायचं? तुझं किती वाईट झालं, याने सुरुवात करू नको, नाहीतर त्या पोरीलाच तुझं सांत्वन करावं लागेल. एक प्रसंग लिही, पाण्याच्या वासाचा. तो भाग कोणता होता, तू तो कुठे बसून वाचलास, बाबांना सांगितल्यावर ते काय म्हणाले. साधारण असं: "तुमच्या आत्यांनी माझ्या वडिलांची नोकरी त्यांच्या गोष्टीत जपून ठेवली आहे. माझे वडील कालव्यावर होते, हे आमच्या घराबाहेर फारसं कोणाला माहीत नाही. त्यांना आणि मला तुमच्या आत्यांनी ते परत दिलं." एवढं पुरे. दीड पानाच्या वर जाऊ नको. काय आजार होता, शेवटचे दिवस कसे गेले, हे विचारू नको. आणि वह्या, अपुरी पानं, फोनमधला मजकूर यांचं नावसुद्धा या पहिल्या पत्रात काढू नको. उत्तराची वाट पाहते असंही लिहू नको. तिला जमेल तेव्हा ती लिहील.

भेटायला जायचं का, हे तिच्या उत्तरावर ठेव.

गटातल्या लोकांना अपुरी कथा पूर्ण करावीशी वाटते, त्यामागे माया आहे, हे मला दिसतं. तरी माझं मत स्पष्ट आहे: करू नका. निदान आता नाही, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय कधीच नाही. इंग्लंडचे कादंबरीकार टेरी प्रॅचेट मार्च २०१५ मध्ये गेले. आपलं अपुरं लिखाण नष्ट करावं, अशी त्यांची इच्छा होती. ऑगस्ट २०१७ मध्ये डॉर्सेटच्या जत्रेत त्यांची हार्ड डिस्क वाफेवर चालणाऱ्या जुन्या रोलरखाली घालून चिरडली गेली. वाचकांच्या पोटात तुटलं असेल, पण त्यांचा शब्द पाळला गेला. उलट उदाहरणही आहे. अमेरिकेचे रॉबर्ट जॉर्डन सप्टेंबर २००७ मध्ये गेले तेव्हा त्यांची भलीमोठी कादंबरीमाला संपलेली नव्हती. आजारपणात त्यांनी पुढचं सांगून आणि टिपून ठेवलं होतं. त्यांची पत्नी त्यांची संपादकही होती. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं आणि २०१३ मध्ये शेवटचं पुस्तक आलं. दोन्हीकडे निर्णय लेखकाचा आणि घरच्यांचा होता. तुमच्या बाईंना काय हवं होतं, हे तुमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. त्यांचा पाटकरी मध्येच चारीवर उभा राहिला असेल तर राहू दे. कायद्यानेही हक्क वारसांकडे जातो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे कोणी परस्पर पुस्तिका छापायची म्हणाला तर त्यालाही थांबव.

जपून ठेवणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे उशीर करू नका. नारायण धारप २००८ साली गेले. त्यांची पुस्तकं वाचनालयांमधून इतकी फिरली होती, की काहींची पहिली आणि शेवटची पानं गळून गेली होती आणि वाचणाऱ्यांनी कव्हरं घालून, शिवून ती टिकवली. ती छापलेली होती, म्हणून शिवता तरी आली. तुमच्या बाईंचं एकही पान छापलेलं नाही. जे आहे ते चाळीस फोनांमध्ये आहे, आणि फोन पाण्यात पडतात, बदलले जातात, त्यांची जागा भरली म्हणून जुनं पुसलं जातं. प्रत्येकाने आपल्याकडचे भाग तारखेनिशी एकीकडे गोळा करा. एकजण क्रम लावेल, एकजण कोणता भाग कोणाकडेच नाही ते बघेल. तू बँकेतली, ताळेबंद तुझ्याइतका कोणाला जमणार? मग एक प्रत कागदावर काढून घे आणि साध्या फाइलमध्ये लाव. ही वाटायला नाही, जपायला. पुढे भाचीशी पत्रापत्री सुरू झाली आणि तिला हवी असेल, तर ती फाइल तिला दे. तेव्हाच तिला हेही सांग, की गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर ते आतल्या मजकुरासकट पुसलं जाऊ शकतं. आत्यांनी तिथे काही ठेवलं असेल तर ते तिने वेळेत पाहिलेलं बरं. हे दुसऱ्या किंवा तिसऱ्या पत्रात लिही. पहिल्यात नाही.

गटाने मिळून काहीतरी करावं, असं सगळ्यांना वाटत असणारच. रत्नाकर मतकरी मे २०२० मध्ये करोनाने गेले तेव्हा टाळेबंदी होती, कोणाला कुठे जाता येत नव्हतं. माझ्या ओळखीचे चौघे-पाचजण त्या आठवड्यात रात्री फोनवर एकत्र आले आणि आळीपाळीने त्यांच्या गूढकथा मोठ्याने वाचत बसले. भाषण कोणी केलं नाही. एकीच्या घरातली भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मध्ये मध्ये ऐकू यायची आणि ती कथेचाच भाग वाटायची. तुम्हीही एखाद्या शुक्रवारी, नेहमीच्याच वेळेला, असं करा. प्रत्येकाने आपल्याला आवडलेलं एक पान वाचायचं. तू कोणतं वाचशील, ते मला विचारायची गरज नाही. प्रॅचेटच्या वाचकांनी काय केलं, तेही तुला सांगते. त्यांच्या एका कादंबरीत निरोप पोचवणाऱ्या मनोऱ्यांची रांग आहे, आणि तिथे मेलेल्या माणसाचं नाव या मनोऱ्यावरून त्या मनोऱ्यावर पाठवत राहतात, थांबू देत नाहीत. प्रॅचेट गेल्यावर जगभरच्या वाचकांनी आपापल्या संकेतस्थळांमध्ये, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या एका ओळीत, त्यांचं नाव तसंच फिरतं ठेवलं. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

राहिला शेवटचा भाग. महिनाअखेर होती, राहून गेला, याचा दोष स्वतःला लावून घेऊ नको. त्यांना तरी कुठे ठाऊक होतं, की तो शेवटचा आहे? तो न उघडण्यामागे तुझी भीती मला कळते. वाचला की मग पुढे काही येणार नाही. नको वाटत असेल तर आज वाचू नको, दिवाळीनंतर वाच, पाऊस लागल्यावर वाच.

पण एकटीने वाचू नको. तुझे बाबा आता निवृत्त आहेत ना? एखाद्या रविवारी माहेरी जा. दुपारची जेवणं झाली, बाबा ओसरीवर टेकले, की फोन काढ आणि त्यांना सांग, त्या बाई गेल्या, तुम्ही सांगितलेला वास ज्यांनी गोष्टीत घातला त्या. मग शेवटचा भाग त्यांना मोठ्याने वाचून दाखव. घसा भरून आला तर थांब, पाणी पी, पुन्हा वाच. ते मध्येच टोकतील, गेट असं उघडत नाही, अंधारात चारीच्या कडेने असं चालता येत नाही, असं काहीबाही म्हणतील. म्हणू दे. कागद-पेन जवळ ठेव आणि ते जे जे सांगतील ते लिहून घे, पूर्वी त्या बाईंना कळवण्यासाठी घेतलं असतंस तसंच.

तुझी,
मावशी